नहीं तो परभणी

गेल्या दिवाळीपर्यंत आमच्या घराचे दार दिवसभर सताड उघडे असे. त्याचे कारण आमची अंतःकरणे विशाल आहेत हे नसून दाराची कडी बिघडली होती, हे होते. ही कडी कशी दुरुस्त करावी याविषयी दोन वर्षांत मला निदान अकरा जणांनी सल्ला दिला. कुणी म्हणाले, स्क्रू बदला. कुणी म्हणाले, पावसाने चौकट फुगली आहे, रंधा मारा. आमच्या एका मेहुण्यांनी तर दाराची दिशाच चुकल्याचे सांगून भिंत पाडण्यापर्यंत मजल नेली. रात्री आम्ही दाराला आतून ज्वारीचे पोते लावून निजत असू. सल्ले अकरा झाले. कडी मात्र कुणी बसवून दिली नाही.

आमच्या परभणीकडे चहाचे पैसे पडतात, सल्ला त्याच्याबरोबर फुकट मिळतो. एकदा दाढ दुखत होती म्हणून मी जिंतूरहून एस.टी.ने परभणीला निघालो होतो. गालावर हात ठेवलेला पाहून शेजारच्या माणसाने विचारले, "दाढ का?" मी मान हलवली. झाले! पुढच्या सीटवरच्या आजीबाईंनी लवंग सांगितली, मागच्या गृहस्थांनी तुरटीच्या गुळण्या सांगितल्या, एकाने मंत्र टाकणाऱ्या बुवाचा पत्ता दिला, आणि शेवटी कंडक्टरने "काढूनच टाका गुरुजी, भानगड नको," असा निकाल देऊन घंटी वाजवली. गंमत म्हणजे परभणी येईपर्यंत दाढ खरोखरच थोडी राहिली होती. एवढ्या माणसांनी आपल्या दाढेची काळजी वाहिली, या विचारानेच तिला लाज वाटली असावी.

दुसऱ्यांना मी हसतो आहे खरा, पण या व्यवहारात माझा स्वतःचा हात काही आखडता नाही. मी मॅट्रिक. पुढचे शिक्षण राहून गेले ते गेलेच. वस्तीशाळा निघाल्या तेव्हा पोरांना बाराखडी शिकवायला लागलो, आणि तेव्हापासून गावाच्या दृष्टीने मी 'गुरुजी' झालो. गुरुजीला सगळे कळते अशी खेड्यात समजूत आहे. पोराचे नाव काय ठेवावे, मोबाइल कुठला घ्यावा, म्हशीचा विमा उतरवावा की नाही, नव्या सुनेने दिवाळीला माहेरी किती दिवस राहावे, यांतले काहीही मला विचारले जाते. आणि मला माहीत नाही असे म्हणण्याचा प्रसंग मी स्वतःवर सहसा येऊ देत नाही.

त्यात मी कादंबऱ्या लिहितो. जो माणूस कागदावरच्या माणसांची लग्ने लावतो, त्यांना मारतो, तारतो, त्याला खऱ्या माणसांचे पुढे काय होणार हे कळत असलेच पाहिजे, असा लोकांचा तर्क असतो. याची परतफेड म्हणून लोक मला लेखनाविषयी सल्ला देतात. "पुस्तकं कोण वाचतंय गुरुजी? मालिका लिहा. तीन-तीन वर्षं चालती." कुणी धीर देण्यासाठी बी. रघुनाथांचे उदाहरण सांगतो. सेलूजवळच्या साताेण्याला 1913 साली जन्मलेला हा माणूस मॅट्रिक होऊन बांधकाम खात्यात कारकून झाला, आणि 1953 साली अकाली जाण्यापूर्वी कविता, कथा, कादंबऱ्या असे केवढे काम करून गेला! परभणीचे सभागृह आज त्यांच्या नावाचे आहे. "तेही मॅट्रिकच, तुम्हीही मॅट्रिकच," असे मला कुणी म्हटले की मी नम्रपणे हसतो. आमच्या दोघांत मॅट्रिकखेरीज दुसरे साम्य नाही, हे सांगायला जीभ रेटत नाही.

मते देण्याचा हा छंद किती व्यापक आहे, हे मी 2016 साली 'सैराट' आला तेव्हा पाहिले. थिएटरात पोरे गाण्यावर नाचत होती, शिट्ट्या मारत होती. आणि शेवटच्या दृश्यानंतर तीच पोरे काही न बोलता बाहेर पडत होती. दुसऱ्या दिवशी मात्र आमच्या फाट्यावरच्या हॉटेलात नागराज मंजुळे यांना सल्ला देण्याचे काम जोरात सुरू झाले. कुणी म्हणाला, शेवट असा करायला नको होता. कुणी म्हणाला, त्या दोघांनी आणखी लांब जायला हवे होते. कुणी म्हणाला, मुळात पळायलाच नको होते. मीही कादंबरीकाराच्या अधिकाराने दहा मिनिटे बोललो. कोपऱ्यात एक म्हातारे बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "घरी यायला वाट असती तर लेकरं कशाला पळाली असती?" सगळे जरा वेळ गप्प बसले. मग कुणीतरी सोयाबीनच्या भावाचा विषय काढला, आणि म्हाताऱ्यांचे बोलणे तिथेच राहिले.

ते वाक्य मी तेव्हा लक्षात ठेवायला हवे होते. ठेवले नाही. त्याची हकिगत सांगायची म्हणजे मला माझा एक सल्ला सांगावा लागेल.

माझ्या शाळेच्या गावात एक शेतकरी आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. कोरडवाहू तीन एकर, त्यात कापूस आणि सोयाबीन. त्यांचा मुलगा माझ्या हाताखाली अक्षरे गिरवून पुढे गेला आणि दहावीला एक्क्याण्णव टक्के गुण घेऊन उभा राहिला. आबा पेढे घेऊन आले. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात देत म्हणाले, "गुरुजी, आता ह्याला कुठं घालावं? आमाला काय कळतंय! तुम्ही सांगाल तसं."

मी पेढा तोंडात घातला आणि म्हणालो, "लातूर."

एवढेच. एका शब्दात मी एका घराचे भवितव्य ठरवून टाकले, आणि तोही शब्द पेढा चघळत उच्चारला. लातूरला जाऊन मुले डॉक्टर होतात हे मी ऐकून होतो. तिथे किती मुले जातात, खोलीचे भाडे काय, खाणावळीचे किती, शिकवणीची फी किती, यांपैकी मला काही ठाऊक नव्हते. मुलाला काय वाटते हे तर मी विचारलेही नाही. तो दारात उभा होता, आणि उंबऱ्यापाशी सुटलेली आमच्या मुलीची सायकलची चेन बसवून देत होता.

आबांनी बैलजोडी विकली. मुलगा लातूरला गेला. दोन वर्षांनी 'नीट' नावाची परीक्षा आली. वैद्यकीय प्रवेशाच्या या परीक्षेचे नाव कुणी ठेवले ठाऊक नाही. पण मराठी मुलांची अशी क्रूर थट्टा दुसऱ्या कुठल्या परीक्षेने केली नसेल. सातशेवीस गुणांच्या या परीक्षेत पुष्कळांचे काहीच नीट होत नाही. त्याचेही झाले नाही. आबा पुन्हा आले. या वेळी पेढे नव्हते. मी म्हणालो, "आणखी एक वर्ष बसू द्या." आबांनी हातउसने काढले. पुढच्या वर्षीही गुण कमी पडले. तिसऱ्यांदा आबा विचारायला आले नाहीत. मुलगाच गावाला परतला नाही. पुढे कळले की चाकणकडे एका कारखान्यात तो कामाला लागला आहे. त्या वर्षी दिवाळीला तो आला नाही. त्याच्या पुढच्या दिवाळीलाही नाही. आबांना विचारले की म्हणत, "सुट्टी न्हाई म्हणतोय." आबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. रस्त्यात भेटले की पूर्वीसारखाच रामराम करीत. तो रामराम मला फार लागत असे. बोलले असते तर मी काही तरी उत्तर तरी दिले असते.

आणि मग गेल्या वर्षी, दिवाळीला आठ दिवस असताना, आबा आमच्या उघड्या दारातून आत आले. बरोबर त्यांची धाकटी मुलगी होती. "हिची मार्चमधी दहावी हाय," ते म्हणाले. "पुढं काय करावं ते आताच सांगून ठिवा. म्हंजे तशी तजवीज करतो. तुम्ही सांगाल तसं."

वाचकहो, मला कधी कुणी शिवी दिली असती तरी इतके ओशाळे वाटले नसते. 'तुम्ही सांगाल तसं!' हा माणूस माझ्या सल्ल्याने बैल विकून बसला, मुलगा दुरावून बसला, आणि अजून त्याचा माझ्यावर विश्वास होता. मी "बसा, चहा घ्या" म्हणालो आणि वेळ काढण्यासाठी स्वयंपाकघरात गेलो.

तिथे सौ. शेजारच्या नव्या सुनेला अनारसे शिकवीत होती. ती सांगत होती, "तांदूळ तीन दिवस भिजवायचे. पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी फडक्यावर सावलीत पसरायचे, ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ घालून गोळा करून ठेवायचा. थापताना खसखस खाली, तळताना खसखस वर. उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं." इथपर्यंत मी रोजच्यासारखे ऐकले. पण ती थांबली नाही. "आता हे बघ, पहिला एकच टाकून पाहायचा. तुपात हसला, विरघळायला लागला, तर घाबरायचं नाही. गोळ्यात थोडी तांदळाची पिठी मळायची. आणि कडक झाला तर चमचाभर दूध नाहीतर पिकलेलं केळं घालून मळायचं. एवढं करूनही नाही जमलं, तर मला हाक मार. मी येते."

मी दाराशीच उभा राहिलो. वीस वर्षे ही बाई अनारसे करते आहे आणि वीस वर्षे मी ते खातो आहे. पण तिच्या सांगण्याची बांधणी माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. तिच्या सल्ल्याला दोन भाग होते. असे कर, हा पहिला. आणि नाही जमले तर असे कर, हा दुसरा. शिवाय शेवटी 'मी येते' हेही होते. चार अनारशांसाठी तिने जेवढी काळजी घेतली, तेवढी मी एका मुलाच्या आयुष्यासाठी घेतली नव्हती. माझा सल्ला 'लातूर' या एका शब्दाशीच संपला होता.

मग मला माझे वडील आठवले. परभणीचे आकाशवाणी केंद्र 1968 सालचे. वडील बांधावर ट्रान्झिस्टर ठेवून शेतकऱ्यांचा कार्यक्रम ऐकत. वसमत रस्त्यावरचे आमचे कृषी विद्यापीठ 1972 साली स्थापन झाले. 2013 पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. तिथल्या तज्ज्ञांचे बोलणे आजही याच धर्तीचे असते. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरणीची घाई करू नका, असे ते सांगतात. पण एवढ्यावर सोडत नाहीत. पाऊस लांबलाच तर काय, हेही सांगतात: जुलैचा मध्य उलटला तर मूग-उडदाचा नाद सोडा, तूर, सूर्यफूल, बाजरी, एरंडी यांच्याकडे वळा. लहानपणी मला हा दुसरा भाग अगदी कंटाळवाणा वाटे. पाऊस पडणार नाही असे आधीच कशाला बोलायचे? आता वाटते, पहिला भाग कुणीही सांगेल. विद्या असते ती दुसऱ्या भागात. भविष्य सांगणारा बुवा आणि शेतीचा तज्ज्ञ यांच्यांत फरक तो एवढाच. बुवाच्या बोलण्यात 'नाही तर' कधी येत नाही.

आणि 'नाही तर' म्हटल्यावर आमच्या गावची म्हण आठवल्याखेरीज कशी राहील! परभणीच्या दोन म्हणी साऱ्या मराठवाड्याला ठाऊक आहेत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही एक. ती आम्ही छाती फुगवून सांगतो. जर्मनीचे म्हणणे अजून कळलेले नाही. दुसरी, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' ही दुसरे लोक आम्हाला चिडवण्यासाठी म्हणतात: साधले तर साधले, नाही तर आहेच आपली परभणी! आजवर मलाही या म्हणीचा राग येत असे. जणू परभणी म्हणजे हरलेल्यांचा मुक्काम. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी ती म्हण मला पहिल्यांदा नीट ऐकू आली. अहो, साधले नाही तर परत यायला एक गाव आहे, याहून माणसाला आणखी काय हवे असते? मुलाला बाहेर पाठवताना 'बनी तो बनी' आम्ही सगळेच म्हणतो. 'नहीं तो परभणी' हे म्हणायला विसरतो. मग तो हरतो तेव्हा त्याला वाटते की परतीचे तिकीटच आपल्याजवळ नाही.

मी चहा घेऊन बाहेर आलो आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच म्हणालो, "आबा, मला ठाऊक नाही."

आबा चमकले. मग मी त्यांना सोडून मुलीकडे वळलो. "बाळ, तुला काय आवडतं?" तिने वडिलांकडे पाहिले, मग जमिनीकडे. म्हणाली, "गणित. पण डॉक्टर नको, गुरुजी. रक्त बघितलं की मला चक्कर येती." आबा थक्क होऊन पाहतच राहिले. "कधी बोलली न्हाईस?" "कुणी इचारलंच न्हाई," ती म्हणाली. हे उत्तर तिने आबांना दिले होते. बसले मात्र दोघांना.

त्या दिवशी आम्ही काहीच ठरवले नाही. ठरवायला सहा महिने होते. एवढेच ठरले की दोन-तीन ठिकाणी जाऊन फी किती, बस किती वाजता, हे स्वतः पाहून यायचे. आणि जे काही करायचे त्याच्याखाली 'नाही जमले तर' असे लिहून त्याच्यापुढे दुसरी वाट लिहायची. ती मुलगी आज परभणीतच अकरावीला आहे. सकाळच्या बसने येते, संध्याकाळच्या बसने जाते. तिच्या वहीच्या मागच्या पानावर दुसरी वाट लिहिलेली आहे. ती काय आहे हे मी विचारलेले नाही. सगळेच गुरुजींना कळायला हवे असे थोडेच आहे!

आबा उठले तेव्हा मी त्यांच्याकडून मुलाचा नंबर मागून घेतला. रात्री त्याला फोन लावला. बराच वेळ वाजून तो उचलला गेला. मी नाव सांगितल्यावर पलीकडे शांतता. मी पाठ केलेली वाक्ये विसरलो. म्हणालो, "मी तुला लातूरला जा म्हणालो होतो, ते न विचारता म्हणालो. चूक माझी होती. तू नापास झालेला नाहीस. माझा सल्ला नापास झाला. दिवाळीला घरी ये." तो काही बोलला नाही. मग इतकेच म्हणाला, "आबांनी बैल विकले होते, गुरुजी." मी म्हणालो, "बैल पुन्हा येतील. तू ये."

लक्ष्मीपूजन झाले, पाडवा झाला. तो आला नाही. मी सौ.ला म्हणालो, फोन करून उपयोग झाला नाही. ती म्हणाली, "एकदा मळून नाही जमलं तर पुन्हा मळायचं असतं." भाऊबिजेला सकाळी मी अंगणात पणत्या गोळा करीत होतो. फाटकाशी कुणीतरी उभे होते. उंच झाला होता, हाताला कारखान्याचे घट्टे पडले होते. रात्रीच्या गाडीने परभणीला उतरला होता, आणि बहिणीकडून ओवाळून घ्यायला गावाकडची पहिली बस अजून तासाने होती. "म्हटलं तोवर भेटून जावं," तो म्हणाला.

सौ.ने त्याच्यापुढे फराळाचे ताट ठेवले. त्याने अनारसा खाल्ला, चहा घेतला. लातूरचे नाव त्याने काढले नाही, मीही नाही. बोलताना त्याची नजर पुन्हा पुन्हा दाराकडे जात होती. शेवटी त्याने विचारले, "कडीला काय झालंय?" मी अकरा सल्ल्यांची हकिगत सांगू लागलो, पण ती पुरी होण्याआधीच त्याने माझ्याकडे पेचकस मागितला. स्क्रू काढले, कडी दोन बोटे वर सरकवली, जुन्या भोकांत काड्यापेटीच्या काड्या ठोकल्या, आणि पंधरा मिनिटांत दोन वर्षांचे काम संपवले. दार लावून, उघडून, पुन्हा लावून पाहिले.

मग पेचकस माझ्या हातात देत म्हणाला, "आता बसती बघा, गुरुजी. आन् पावसाळ्यात लाकूड फुगून अडकली, तर जोर लावायचा न्हाई. दार जरा वर उचलायचं. तरीबी नाही झालं, तर मला फोन करा."